पिवळा दिवा मोजताना

चेन्नईजवळच्या रेस ट्रॅकवर मी पहिल्यांदा दणदणीत इंजिनाची, मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी चालवली. वळणातून बाहेर पडताना डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकायचा: घसरणारी मोटार आणि तिच्यामागे नागमोडी रेघा. फेरी संपल्यावर शेजारी बसलेले प्रशिक्षक म्हणाले, "नऊ वेळा. नऊ वेळा गाडीनं तुम्हाला सांभाळलं." मी वेग बघत होतो, ते माझ्या चुका मोजत होते.

तो दिवा ईएसपीचा, म्हणजे गाडी घसरू लागली की तिला सावरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरोखर कुठे निघालीय, हे सेन्सर सतत ताडून पाहतात. गाडीची शेपूट बाहेर जाऊ लागली, की यंत्रणा पुढचं, बाहेरच्या बाजूचं चाक क्षणभर ब्रेकनं धरते आणि गाडी पुन्हा वळणीवर येते. हे कितीही तयार पायाला जमणार नाही. आपल्याकडे ब्रेकचं पेडल एकच.

पण यातलं काहीही टायरची पकड वाढवत नाही. आहे तेवढीच पकड नीट वापरली जाते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं, ते लागतंच.

मदत सारखी असली तरी माणूस फरक पाडतो. ११ एप्रिल १९९३ ला इंग्लंडमधल्या डोनिंग्टनला फॉर्म्युला वनची शर्यत होती आणि पाऊस होता. आयर्टन सेनाच्या मॅक्लारेन गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे वेग देताना चाक घसरू न देणारी यंत्रणा होती, तशीच प्रतिस्पर्धी प्रोस्ट आणि हिलच्या विल्यम्स गाड्यांमध्येही. शिवाय विल्यम्सचं इंजिन जास्त ताकदीचं. सुरुवातीलाच पाचव्या जागी गेलेला सेना पहिली फेरी संपताना सगळ्यांच्या पुढे होता. मदत दोन्हीकडे होती. ओल्या रस्त्यावर पकड कुठे उरलीय, हे ओळखणारा माणूस वेगळा होता. १९९४ पासून फॉर्म्युला वनमध्ये ट्रॅक्शन कंट्रोलवर बंदी आली, २००१ मध्ये ते परतलं, २००८ पासून पुन्हा गेलं.

रस्त्यावर मात्र ही मदत बंद करू नका, हे मी कळकळीनं सांगतो. ताम्हिणी घाटात धुकं, वळणावर चिखल आणि समोरून एसटी आली, तर चूक सुधारायला दुसरी फेरी मिळत नाही.

त्या दिवशी शेवटच्या फेरीत मी सरळ रस्त्यावरच ब्रेक उरकला आणि स्टिअरिंग सरळ होत गेलं तसा ॲक्सिलरेटर हळूहळू दाबला. दिवा दोनदाच लागला, आणि तीच माझी सर्वांत वेगवान फेरी ठरली. आता घाटात तो लुकलुकला, की मी गाडीचे आभार मानतो आणि मागच्या वळणावर घाई नेमकी कुठे केली, ते आठवतो.