रेंज फुल्ल, तरी नेट स्लो का? पेण-रोह्यातील मोबाइलधारकांनो, समजून घ्या

पेण/रोहा : गणेशोत्सव जवळ आला की मुंबई-गोवा महामार्गावर वाहनांची कोंडी होते. वडखळला तर कोकणात जाणारे आणि अलिबागकडे वळणारे, दोघेही एकत्र येतात. अशा वेळी मोबाइल नेटवर्कवरही ताण येतो. याच दिवसांत पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्तींचे फोटो व्हॉट्सअॅपवर जातात आणि पैसे यूपीआयवर येतात. नेट अडकले की व्यवहारही अडकतो.

रेंज आणि स्पीड यात फरक काय?
मोबाइलवरच्या काड्या फक्त सिग्नलची ताकद दाखवतात, टॉवरवरची गर्दी नाही. टॉवरची क्षमता त्या क्षणी डेटा वापरणाऱ्यांत वाटली जाते. समजा, क्षमता १०० एमबीपीएस आहे. २० जण असतील तर प्रत्येकी सरासरी ५ एमबीपीएस मिळतील, २०० जण असतील तर जेमतेम अर्धा.

रोह्यात वेगळे काय?
धाटाव एमआयडीसीमुळे रोह्यात कामगारांची मोठी ये-जा असते. तालुक्यातील डोंगराआडच्या गावांत तर सिग्नलच कमी पोहोचतो. कमकुवत सिग्नलवरच्या मोबाइलला तेवढाच डेटा द्यायला टॉवरचा जास्त वेळ जातो. त्याचा फटका जवळच्या ग्राहकांनाही बसतो.

कंपन्या गर्दी कशी हाताळतात?
फोर-जीवरील व्हॉइस कॉलला डेटापेक्षा प्राधान्य मिळते. म्हणून व्हिडिओ अडकला तरी कॉल लागू शकतो. रोजचा डेटा संपल्यावर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसपर्यंत खाली येतो. नेट स्लो झाले की आधी हे तपासा. मात्र पैसे घेऊन एखाद्या अॅपला वेगवान आणि दुसऱ्याला संथ करता येत नाही. केंद्र सरकारने २०१८ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वे मंजूर केली आहेत.

नियम काय सांगतो?
ट्रायचे नवे सेवा-गुणवत्ता नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. जिल्ह्यात २४ तासांपेक्षा जास्त काळ नेटवर्क ठप्प राहिल्यास पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सवलत आणि प्रीपेड ग्राहकाला व्हॅलिडिटी वाढवून द्यावी लागते. कंपनीने टू-जी ते फाइव्ह-जी कव्हरेजचे नकाशे वेबसाइटवर देणेही बंधनकारक आहे. पण ही भरपाई नेटवर्क बंद पडल्यास मिळते. संध्याकाळी दोन तास नेट रखडले, तर ग्राहकाच्या हाती उरते ती तक्रार.

तक्रार कशी कराल?
• ट्रायच्या मायस्पीड अॅपवर वेगवेगळ्या वेळी चाचणी घ्या. ठिकाण आणि वेळ नोंदवून ठेवा.
• १९८ वर तक्रार करा, डॉकेट नंबर जपून ठेवा.
• समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही.
• सिम बदलण्यापूर्वी दुसऱ्या कंपनीचा कव्हरेज नकाशा पाहा. त्यावरून सिग्नल कळेल, गर्दी नाही. म्हणून शेजाऱ्याच्या मोबाइलवर गर्दीच्या वेळी चाचणी घेऊन मगच पोर्ट करा.