पितळी पुंगळीचे स्नान

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेला एका विलक्षण नुकसानीने ग्रासले होते. पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या म्हणजे काडतुसांचा साठा पागांतून, घोड्यांच्या शेजारीच, ठेवून देण्याचा रिवाज असे. आणि पाऊस सरल्यावर पेट्या उघडाव्यात तो, कोणी हातही न लावलेल्या, एकदाही न उडवलेल्या पितळी पुंगळ्यांना उभे तडे गेलेले आढळत. ऋतूबरोबर येणारी व्याधी म्हणून इंग्रजीत तिला ‘सीझन क्रॅकिंग’ हे नाव पडले. तिचे समाधानकारक निदान व्हावयास 1921 साल उजाडावे लागले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी दाखवून दिले की घोड्यांच्या मुतापासून निघणारा अमोनिया, पावसाळी हवेतील ओल आणि पुंगळी घडवताना धातूच्या अंगी मुरलेला ताण या तिघांनी मिळून हा घात केला होता.

हा ताण येतो कोठून, हे पुंगळीच्या जन्मकथेवरून कळते. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त यांच्या पितळाची एक चकती दाबयंत्राखाली घालून थंड स्थितीतच टप्प्याटप्प्याने ओढीत नेली, की तिची नळी होते. ओढण्याच्या प्रत्येक फेरीत पितळ कठीण होत जाते आणि मध्ये मध्ये तापवून त्यास नरम करावे लागते. आपल्या तांबटांना हे उपजतच ठाऊक असते: ठोकून ठोकून ताठरलेले भांडे ते भट्टीत घालून पुन्हा मऊ करून घेतात. शेवटच्या फेरीनंतरही बेताची धग दिली तर आतला ताण निवतो. ती न दिल्यास तो धातूत दडून राहतो आणि अमोनियाचा स्पर्श होताच तड्याच्या रूपाने प्रकट होतो.

ही हकीकत आरंभीच सांगण्याचे कारण असे की, वापरलेल्या पुंगळ्या गोळा करून, त्या स्वच्छ करून, त्यांत नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी बसवणाऱ्या नेमबाजांची सारी शुचिता अखेर या धातुस्वभावाच्या ज्ञानावर उभी आहे. आपल्याकडे परवान्यावाचून या उद्योगास हात घालता येत नाही. अमेरिकेत मात्र तो घरोघरचा व्यासंग असून, जॉन बार्लो यांनी 1884 साली स्थापन केलेल्या ‘आयडियल’ कंपनीची हातहत्यारे शिकाऱ्यांच्या सरंजामात एकोणिसाव्या शतकातच जाऊन बसली होती. काडतुसात सर्वांत किमती आणि पुनःपुन्हा कामास येणारा जिन्नस म्हणजे ही पुंगळी, म्हणून तिची एवढी निगा.

काळ्या दारूच्या दिवसांत ही निगा तातडीची असे. त्या दारूची काजळी हवेतील ओल शोषून घेऊन पितळ खाते, म्हणून जाणते नेमबाज उडालेली पुंगळी मैदानावरच साबणाच्या पाण्यात टाकीत. धूरविरहित दारूने ही घाई पुष्कळ कमी केली. पण तळाशी बसणारा मळ आणि तोंडाशी धरणारी काजळी राहिलीच. आज कोणी अक्रोडाच्या टरफलांच्या किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांच्या भुग्यात पुंगळ्या तासन्‌तास घोळवतात. कोरडी आणि सुटसुटीत अशी ही रीत आहे. परंतु टोपीतील शिशाचे क्षार त्या धुळीत उतरतात, तेव्हा हे काम घराबाहेर, नाकातोंडावर आवरण बांधूनच करावे. दुसरे नेमबाज जुनी टोपी आधी दट्ट्याने काढून टाकतात आणि फिरत्या पिंपात पाणी, थोडा साबण, चिमूटभर सायट्रिक आम्ल व पोलादाच्या बारीक, आखूड काड्या घालून पुंगळ्या आतूनबाहेरून घासून घेतात. आम्लाने मळ सुटतो, हे चिंचेने किंवा कोकमाने देव उजळणाऱ्या कोणत्याही गृहिणीस सांगावयास नको. पण आम्ल तीव्र असले किंवा फार वेळ राहिले, तर पितळातील जस्त निघून जाऊन पृष्ठभाग गुलाबी दिसू लागतो. ती लाली धातू दुबळा झाल्याची खूण समजावी. आणि कल्हईवाल्याने नवसागर टाकताच उठणारा तिखट धूर ज्यांना आठवतो, त्यांनी तशाच वासाचे, म्हणजे अमोनियायुक्त, झिलईचे द्रावण पुंगळीजवळ आणू नये. कारण पागेतील तो जुना वैरी त्या बाटलीतही वसत असतो.

खरी कसोटी वाळवण्याची. टोपीच्या खळग्यात आणि ज्वाला आत पोचवणाऱ्या बारीक छिद्रात पाण्याचा थेंब केशाकर्षणाने असा दडून बसतो की, बाहेरून चकचकीत दिसणारी पुंगळी आतून ओलीच असते. आणि त्या ओलीवर भरलेली टोपी किंवा दारू ऐन वेळी पेट घेत नाही. म्हणून प्रथम स्वच्छ पाण्याने खळखळून धुणे, मग पंच्यात घालून झटकणे, नंतर तोंडे खाली करून कडक उन्हात किंवा पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या आतल्या उबेत ठेवणे, हा क्रम ढळू देऊ नये. घाईने भट्टीची धग वाढवणे घातक, कारण बुडाचे पितळ कठीणच राहावे लागते. ते नरमले तर स्फोटाचा दाब त्याला पेलवत नाही. माझ्या मते लखलखाटाचा हव्यास या उद्योगात गौण आहे. डागाळलेली पण कोरडी, निर्मळ पुंगळी आरशासारख्या ओल्या पुंगळीपेक्षा शतपट श्रेयस्कर.

लष्करी कारखान्यांतून आलेली पुंगळी नीट पाहिली तर तिच्या मानेवर निळसर, तपकिरी अशी एक छटा दिसते. शेवटची धग दिल्याचा तो डाग कारखानदार मुद्दाम घासून काढीत नाहीत. मानेस धग मिळाली आहे, हे तपासनीसाला एका दृष्टिक्षेपात कळावे म्हणून तो तसाच राहू देतात. नवखा मनुष्य त्याला मळ समजून दिवसभर घाशीत बसतो.