पिंप्राळ्याच्या चावडीतून दिसणारं साम्राज्य

आषाढी एकादशीला रथ ओढणारा पिंप्राळा आज जळगाव शहराचाच भाग आहे. ब्रिटिश अमदानीत ते शहराबाहेरचं खेडं होतं. 1906 साली खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पूर्व खानदेशाचा कारभार जळगावातून आणि पश्चिमेचा धुळ्यातून चालू लागला. कलेक्टर कचेरी इतकी जवळ असूनही गावकऱ्याला सरकार भेटे ते पाटील, कुळकर्णी किंवा तलाठ्याच्या रूपात. त्यांच्या वर मामलेदार, प्रांत आणि शेवटी कलेक्टरसाहेब. हिवाळ्यात साहेबाचे तंबू गावोगाव पडत, जमाबंदी होई, दप्तरं तपासली जात. सारा वसूल करणारा आणि जिल्हा मॅजिस्ट्रेट म्हणून कायदा राखणारा अधिकारी एकच.

साम्राज्याच्या अखेरच्या वर्षांत ही साखळी जिथे जिथे ताणली गेली, त्यांत खानदेशही होता. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, ते पूर्व खानदेशातच. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि मोरारजी देसाई महसूलमंत्री झाले. मोरारजी स्वतः प्रांतिक नोकरीत डेप्युटी कलेक्टर होते. 1930 मध्ये त्यांनी राजीनामा दिला होता. दप्तर आतून ठाऊक असलेला माणूस आता वरून हुकूम देत होता. नोव्हेंबर 1939 मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि कलेक्टरवर पुन्हा थेट गव्हर्नरची सत्ता आली.

मग 1942 उजाडलं. 9 सप्टेंबरला पश्चिम खानदेशातल्या नंदुरबारात ‘चले जाव’च्या मिरवणुकीवर गोळीबार झाला. पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. पोरांवर गोळी झाडणाऱ्या राज्याचं वजन राहिलं नव्हतं, बंदूक तेवढी उरली होती, असं माझं ठाम मत आहे. 14 एप्रिल 1944 ला धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ लुटला गेला. सुमारे साडेपाच लाख रुपये! भूमिगत चळवळीतले डॉ. उत्तमराव पाटील यांच्याबरोबर या धाडसात साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथ नायकवडी होते. ट्रेझरीतली रक्कम ठरल्या वेळी तालुक्याला पोचणं हा महसुली कारभाराचा कणा. तोच भर रस्त्यात मोडला.

त्याच काळात कलेक्टरच्या टेबलावर महायुद्धाने नवी कामं आणून टाकली: रेशन, लेव्ही, धान्याची ने-आण. कलेक्टर ज्या सेवेतून येत, त्या आय.सी.एस.ची विलायतेतली भरती 1943 पासून थांबली होती. 1947 साली या सेवेत सुमारे 980 अधिकारी होते आणि त्यांत युरोपियन निम्म्याहून कमी. 1946 मध्ये बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ परतलं, मोरारजी गृहमंत्री झाले. ज्यांना चार वर्षांपूर्वी तुरुंगात धाडलं, त्यांच्याच सहीचे हुकूम गोऱ्या अधिकाऱ्यांना बजावावे लागले. या अधिकाऱ्यांची अडचण मी समजू शकतो. कीव मात्र येत नाही.

साहेब गेले, नमुने राहिले. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा. एफ. जी. एच. अँडरसन या आय.सी.एस. अधिकाऱ्याने महसुली हिशेबांची नियमपुस्तिका रचली आणि गाव नमुन्यांची चौकट बसवली. आज पिंप्राळ्याचा शेतकरी हातात घेतो तो सातबारा त्याच चौकटीतला: सातमध्ये जमिनीचा हक्क, बारामध्ये पीक. बदल झाला की सहा नंबरला फेरफार. मालक बदलले, पिकं बदलली, चौकट तीच. कुळकर्णी वतनं पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला गेली, मुलकी पाटलाचं पद 1962 च्या कायद्याने.

खानदेशातल्या जुन्या पाटील-कुळकर्णी घराण्यांच्या माळ्यांवर तेव्हाचे कागद अजून पडून असतील. वाळवी लागण्याआधी ते बाहेर काढा, रद्दीत घालू नका. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या संस्थेला निदान दाखवा तरी. गोऱ्या साहेबांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांचा हुकूम ज्यांच्या दारात पोचायचा, त्या माणसांची बाजू या कागदांतूनच लिहिता येईल.