शेंदूर, राळ आणि एक बोट

१० जून १७७५ रोजी इटलीतल्या कोमो गावाहून अलेस्सांद्रो व्होल्टानं इंग्लंडमधल्या जोसेफ प्रीस्टलीला एक पत्र लिहिलं. व्होल्टा तेव्हा तीस वर्षांचा होता, आणि पत्रातला दावा धिटाईचा होता: आपण असं उपकरण केलं आहे की एकदा बेतानं विद्युतभारित केलं, की त्याची वीज संपतच नाही. नावही तसंच ठेवलं, ‘एलेत्त्रोफोरो पेर्पेतुओ’, म्हणजे अखंड वीज वाहणारा.

उपकरण पाहिलं तर हसू यावं. तीन भाग टर्पेंटाइन, दोन भाग राळ, एक भाग मेण एकत्र उकळायचं, रंगासाठी त्यात शेंदूर घालायचा (आपण मारुतीला फासतो तोच, शिशाचा) आणि धातूच्या उथळ ताटात ओतून वडी थापायची. वर ठेवायला धातूची सपाट चकती आणि ती उचलायला मधोमध काचेची मूठ. संपलं.

वडी मांजराच्या कातड्यानं घासली की तिच्यावर ऋण प्रभार बसतो. वर चकती ठेवली, तरी हा प्रभार चकतीत जात नाही. राळ विसंवाहक, शिवाय पृष्ठभाग कितीही गुळगुळीत केला, तरी दोघींची गाठ मोजक्या ठिपक्यांवरच पडते. पण वडीतल्या ऋण प्रभाराच्या रेट्यानं चकतीतले इलेक्ट्रॉन वरच्या अंगाला पळतात आणि खालच्या अंगाला धन प्रभार उरतो. याला प्रवर्तन म्हणतात. आता चकती तशीच उचलली तर हाती काही लागत नाही. प्रभार पुन्हा मिसळतात. उचलण्याआधी क्षणभर बोट लावायचं. वर रेटलेले इलेक्ट्रॉन बोटातून जमिनीकडे निघून जातात. बोट काढा, मग मुठीनं चकती उचला. आता ती निव्वळ धन असते आणि बोट जवळ नेलं की चट्कन ठिणगी पडते. बोट आधी काढायचं, चकती मग उचलायची. हा क्रम चुकला की प्रयोग फसला. वडीवरचा प्रभार मात्र जसाच्या तसा, त्यामुळे पुन्हा ठेवा, पुन्हा बोट लावा, पुन्हा उचला.

प्रवर्तनाचा शोध व्होल्टाचा नव्हे. लंडनचा शाळामास्तर जॉन कँटन यानं १७५३ मध्येच दाखवलं होतं की भारित काचनळी नुसती जवळ आणली, तरी टांगलेल्या बुचाच्या गोळ्या एकमेकींपासून दूर सरतात. आणि स्वीडनच्या योहान कार्ल विल्केनं १७६२ मध्ये काचेचा पत्रा व सुटे धातूचे पत्रे वापरून जवळजवळ हेच यंत्र केलं होतं. माझ्या मते मान विल्केचा. पण घराघरांतल्या टेबलावर मावेल असं सुटसुटीत रूप आणि लक्षात राहील असं नाव व्होल्टानं दिलं, आणि इतिहासात तेवढं पुरतं.

गॉटिंगेनच्या गेओर्ग लिख्टेनबर्गनं तर १७७७ मध्ये सहा फूट व्यासाचा इलेक्ट्रोफोरस (‘एलेत्त्रोफोरो’चंच रूढ नाव) बांधला. चकती कप्पीवरून दोरीनं उचलायची. वडी घासून गुळगुळीत करताना राळेची धूळ खोलीभर उडाली होती. ती वडीवर बसली ती इतस्ततः नव्हे, तर ताऱ्यांच्या, फांद्यांच्या नक्षीत. पुढे लोक मलमलीतून गंधक आणि शेंदराचं मिश्रण चाळू लागले. चाळताना पिवळा गंधक ऋण होतो, शेंदूर धन. त्यामुळे धन जागी पिवळी आणि ऋण जागी तांबडी रांगोळी आपोआप उमटते.

राहिला तो ‘अखंड’ शब्द. योगायोग असा, की त्याच १७७५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीनं ठरवलं, अखंड चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव यापुढे तपासायचेच नाहीत. मग व्होल्टाच्या ठिणग्या येत कुठून होत्या? पणतीवरून पणती लावली तर पहिलीचं तेल कमी होत नाही, हे खरं. पण दुसरीत तेल कुणीतरी घातलेलं असतं. इथे ते घालतो उचलणारा हात. धन चकतीला ऋण वडी खाली ओढत असते. त्या ओढीविरुद्ध चकती वर नेताना जादा कष्ट पडतात, तेच ठिणगीत बाहेर येतात.

ते जाणवत का नाहीत? हिशेब करून पाहू. वीस सेंटिमीटर व्यासाची चकती १०,००० व्होल्टपर्यंत चढली, तर तिच्यातली ऊर्जा साधारण ०.०००३५ जूल. चकतीचं वजन २०० ग्रॅम धरलं आणि ती वीतभर उचलली, तर नुसत्या वजनापायी सुमारे ०.४ जूल खर्च होतात. म्हणजे विजेचा वाटा हजारात एक! कोणत्या मनगटाला तो कळावा? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमही १८४० च्या दशकात पक्का झाला. १७७५ मध्ये हा प्रश्न या शब्दांत विचारायची सोयच नव्हती.

एकोणिसाव्या शतकात ठेवणं, स्पर्श करणं, उचलणं ही कामं फिरत्या तबकड्यांवर सोपवली गेली. १८६५ मध्ये जर्मनीत विल्हेल्म होल्ट्झनं आणि १८८० च्या दशकात इंग्लंडमध्ये जेम्स विमशर्स्टनं अशी यंत्रं केली. विमशर्स्टचं यंत्र शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांतून अनेकांनी पाहिलं असेल. त्यात प्रवर्तनच आहे, फक्त बोटाऐवजी तारेचे कुंचले. मूठ सुरुवातीला हलकी फिरते. प्रभार चढला की स्पष्ट जड लागते.