वेताळ, बहादूर आणि नऊ पूर्णांक आठ

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

२०२५ च्या डिसेंबरात माझ्या पुतण्याचा दुबईहून फोन आला. ख्यालीखुशाली झाली आणि तो एकदम म्हणाला, "चाचा, अब्बांची इंद्रजालची ट्रंक अजून माळ्यावर आहे ना? रद्दीत नाही ना घातलीत?"

मी म्हटलं, "आहे. पण आज तुला तिची आठवण कशी झाली?"

तर त्यानं बातमी वाचली होती. नोव्हेंबरात अमेरिकेतल्या एका लिलावात 'सुपरमॅन'चा १९३९ सालचा पहिला अंक ९१ लाख २० हजार डॉलरना गेला. आपल्या हिशेबात ऐंशी कोटींच्या घरात. अंकाची छापील किंमत दहा सेंट. तीन भाऊ आपल्या दिवंगत आईचं सॅन फ्रान्सिस्कोमधलं घर आवरत होते, तेव्हा माळ्यावर पुठ्ठ्याच्या खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रांच्या खाली तो त्यांना सापडला. पुतण्याचं म्हणणं एवढंच, की माळा आपल्याकडेही आहे आणि जुन्या वर्तमानपत्रांना तर तोटाच नाही.

हे हसण्यावारी नेणं सोपं होतं. पण तो पुढे म्हणाला, "आपण ते ग्रेडिंगला पाठवू या." हा प्रकार मला नवा होता. कवितांना गुण देणारे परीक्षक मी पाहिलेत, एकदोनदा ते पाप माझ्याही हातून घडलंय. पण चित्रकथेच्या जुन्या अंकाला कुणी गुण देतं, तेही दशांश चिन्हासकट, हे ठाऊक नव्हतं. मग महिनाभर मी त्याच नादात होतो. जे समजलं ते सांगतो.

अमेरिकेत जुन्या कॉमिक्सचा बाजार फार पूर्वीपासून आहे. १९७० साली रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट यांनी किमतींची पहिली मार्गदर्शिका काढली, तेव्हापासून भावाला थोडी शिस्त आली. तरी भांडण राहिलंच. विकणारा म्हणे अंक उत्तम आहे, घेणाऱ्याला त्यात चार सुरकुत्या दिसत. घोड्याच्या बाजारातलंच भांडण ते! म्हणून २००० साली सर्टिफाइड गॅरंटी कंपनी, म्हणजे सीजीसी, निघाली. विकणारा नाही, घेणाराही नाही, अशा तिसऱ्यानं अंक तपासायचा आणि गुण द्यायचे. जुन्या नाण्यांच्या बाबतीत ही पद्धत तिथे आधीच रुळली होती.

अंक टपालानं त्यांच्याकडे जातो. पहिल्यांदा पानं मोजतात, एखादं गायब नाही ना, कूपन कापलेलं नाही ना, हे बघतात. मग कुणी त्याची डागडुजी केली आहे का, याचा शोध. उडालेल्या रंगावर ब्रश फिरवलाय का, फाटका कोपरा दुसऱ्या कागदानं भरलाय का, कडा कातरून सारख्या केल्यात का. त्यानंतर एकाहून जास्त परीक्षक आपापले स्वतंत्र गुण देतात आणि त्यावरून शेवटचा आकडा ठरतो. तो ०.५ पासून १० पर्यंत कुठलाही असू शकतो. कागद पांढरा आहे, सायीच्या रंगाचा आहे की तपकिरी होऊन मोडायला आलाय, तेही लिहितात. शेवटी अंक पारदर्शक कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमचा बंद होतो. वर चिठ्ठी, साध्या अंकाला निळी, डागडुजी केलेल्याला जांभळी. पेटी फोडली की श्रेणी गेली. म्हणजे एकदा गुण मिळाले की तो अंक वाचायचा नाही. मुखपृष्ठाकडे बघत बसायचं.

त्यांच्या श्रेण्यांची भाषा तर मजेदारच. आपण 'गुड' म्हणजे चांगला समजतो. तिथे 'गुड' म्हणजे दहापैकी दोन! सुरकुतलेला, कोपरे दुमडलेला, पण सगळी पानं जागेवर असलेला अंक 'गुड'. 'फाइन' म्हणजे सहा. ज्याच्यासाठी लोक जीव टाकतात तो आकडा ९.८. ९.४ आणि ९.८ यांतला फरक साध्या डोळ्याला दिसेलच असं नाही, किमतीत मात्र तो कितीतरी पट असू शकतो. तो सुपरमॅनचा अंक ९ गुणांचा होता.

इतके गुण त्याला कसे मिळाले? एक तर तिकडची थंड हवा कागदाला मानवते. दुसरं म्हणजे तो कित्येक वर्षं कुणाच्या हातातच पडला नव्हता. त्याचे बाकीचे भाऊबंद असे नशीबवान नव्हते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कागद गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यांत पोरांनी आपली कॉमिक्स गठ्ठ्यांनी दिली. युद्धानंतर, कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी हाकाटी झाली, काही गावांत त्यांच्या होळ्याही पेटल्या. १९५४ साली फ्रेडरिक वर्टहॅम या मानसोपचारतज्ज्ञाचं पुस्तक आलं आणि त्या भीतीला शास्त्राचा आधार मिळाल्यासारखं झालं. उरलंसुरलं आयांनी घर आवरताना फेकलं. म्हणूनच जे राहिलं त्याला आज कोटींचा भाव.

आपल्याकडे होळ्या झाल्या नाहीत. आपल्याकडे रद्दीवाला होता.

टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं. पहिल्या अंकात ली फॉक यांचा फँटम. मराठीत त्याचा वेताळ झाला. हे नाव कुणी शोधलं कोण जाणे, पण शोधणाऱ्याला गावाची नाडी ठाऊक होती. आमच्याकडे वेताळ म्हणजे शिवेवरचा, भुताखेतांचा राजा. भाईजान दिवेलागणीला मोठ्यानं वाचायला बसला की दादी ओरडायची, "या वेळेला त्याचं नाव काढू नका रे!" पडद्यावरच्या वेताळाच्या जांघियाला ती हसली असती, पण नावाला घाबरायची. मूळ गोष्टींत वेताळाचं जंगल ज्या देशात होतं त्याचं नाव 'बेंगाली', ते इंद्रजालमध्ये 'डेंकाली' झालं, उगाच कुणाला आपला बंगाल वाटायला नको. पुढे मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला. आणि १९७६ मध्ये आला आपला, अस्सल देशी बहादूर. केशरी कुडता, खाली जीन्स, बाप डाकू आणि त्याला वाढवणारा पोलीस अधिकारी. तो लिहिला आबिद सुरती यांनी, चितारला गोविंद ब्राह्मणिया यांनी. सुरतीसाहेब आपल्याच ठाणे जिल्ह्यातले, मीरा रोडचे. २००७ पासून प्लंबरला सोबत घेऊन घरोघरचे गळके नळ त्यांनी फुकट दुरुस्त करून दिले. बहादूरच्या बापाला हे शोभतं.

१९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. तोवर ८०३ अंक निघाले होते.

माझा मोठा भाऊ, म्हणजे भाईजान, कसाऱ्याच्या गाडीनं खर्डीहून कल्याणला कामाला जायचा. परतताना स्टेशनवरून अंक घ्यायचा. गाडीत तो स्वतः वाचायचा, घरी मी, आणि दुसऱ्या दिवसापासून आळीतली सगळी पोरं. त्यासाठी त्यानं एक वही केली होती. नाव, अंक, नेल्याची तारीख, आणल्याची तारीख. भाडं नाही, पण पान फाडलं तर पुढचा अंक नाही. दहा अंक जमले की कल्याणच्या एका बाइंडरकडून ते शिवून घ्यायचा. पाठीला निळं कापड, आत यादी.

पुतण्याच्या फोननंतर मी ट्रंक खाली उतरवली आणि एकेका खंडाला त्या दहाच्या मापानं बघायला लागलो. बाइंडरनं प्रत्येक अंकाला बाजूनं भोकं पाडलीत. तिन्ही कडा कातरल्यात. कातरताना कुठे वेताळाच्या घोड्याचं शेपूट गेलंय, कुठे फुग्यातलं शेवटचं अक्षर. पहिल्या पानावर भाईजानची सही आणि तारीख. काही ठिकाणी तेलकट बोटं. एका पानावर तर चक्क हळद आहे. ग्रेडिंगच्या भाषेत हे सगळे दोष. दहापैकी एक, फार तर दीड.

पण आता आमच्याकडची हवा बघा. सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस, चार महिने भिंतीला ओल. ही कॉमिक्स स्वस्त, वर्तमानपत्रासारख्या कागदावर छापलेली. हा कागद लाकडाच्या लगद्याचा; त्यातलं लिग्निन नावाचं द्रव्य हवा आणि उजेड लागला की पिवळं पडतं, कागदात आम्ल तयार होतं आणि तो आतल्या आत जळत जातो. जुन्या पुस्तकांचा तो वास, ज्यावर आम्ही कवी लोक ओळी खरडतो, तो या जळण्याचाच वास. त्यात पिना गंजतात, गंज कागदाला खातो. वर कसर आणि वाळवी. आळीत ज्यांनी सुटे अंक ठेवले त्यांच्याकडे आज एकही नाही. भाईजानचे टिकले, कारण ते जाड पुठ्ठ्यात आवळलेले होते, आत हवा जात नव्हती, आणि दर उन्हाळ्यात तो खंड सावलीत उघडून ठेवायचा, ट्रंकेत कडुनिंबाचा पाला बदलायचा. ज्या शिवणीमुळे गुण जातात, तिनंच ते वाचवले.

ज्यांच्या घरी असे सुटे अंक अजून असतील त्यांच्यासाठी एक सांगतो. घडी घालू नका, चिकटपट्टी अजिबात लावू नका. ओला अंक प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, बुरशी धरते. भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर, उजेडापासून आड ठेवा. फाटलं असेल तर ते काम जाणकारावर सोडा. ते पातळ जपानी कागद आणि पिठाची खळ वापरतात, ती पुढे कधी काढायची झाली तर पाण्यानं सुटते.

चिकटपट्टीबद्दल मी इतकं ठासून का सांगतो, त्याला कारण आहे.

खंडांपैकी एकात, बहादूरच्या दोन अंकांच्या मध्ये, एक कोरं पान शिवलेलं आहे. अंकाच्याच आकाराचं. वर पेन्सिलीनं त्या न मिळालेल्या अंकाचा क्रमांक, भाईजानच्या अक्षरात. यादीतही त्या क्रमांकापुढे जागा रिकामी. तो अंक भाईजानकडे आला होता. मी अकरा वर्षांचा असेन. मित्राशी झालेल्या ओढाओढीत त्याचं मुखपृष्ठ टर्रकन फाटलं. मी ते आतून चिकटपट्टीनं जोडलं, अंक शाळेच्या भूगोलाच्या नकाशासंग्रहात दडवला आणि सांगितलं, हरवला. वहीत त्या मित्राचं नाव होतं. त्याला पुढचे दोन महिने अंक मिळाला नाही. भाईजाननं कितीतरी वर्षं कल्याणच्या, शहापूरच्या रद्दीच्या दुकानांत तो शोधला. एकदा मीही त्याच्याबरोबर शोधायला गेलो होतो, यावरून काय ते समजा. पुढे सांगेन, सांगेन म्हणत राहिलो. भाईजान गेला त्याला आता नऊ वर्षं झाली.

नकाशासंग्रह त्याच ट्रंकेच्या तळाशी होता. अंक उघडला तर चिकटपट्टी वाळून आपोआप सुटली, पण तिचा डिंक कागदात मुरून तपकिरी पट्टा उमटलाय, बहादूरच्या छातीवरून आडवा. तो आता निघणार नाही. बाकी अंक मात्र थक्क करणारा. कातरलेला नाही, भोकं नाहीत, पिना चकचकीत. जाड नकाशांच्या दाबाखाली तो सपाट राहिला, कुणी वाचलाच नाही ना! अख्ख्या ट्रंकेत परीक्षकापुढे ठेवण्यासारखी वस्तू असेल तर ती हीच. मी लपवलेली.

पुतण्याला फोन केला. खर्चाचं आधी सांगितलं, एकेका अंकामागे फी, टपाल, विमा धरून काही हजार रुपये. शिवलेले खंड पाठवण्यात अर्थ नाही. एक सुटा अंक आहे, डागाचा, पाठवायचा तर तो. मग तो सुटा का राहिला तेही सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं लाइन गेली.

मग म्हणाला, "अब्बा मलाही घेऊन गेले होते एकदा. रद्दीच्या दुकानात. कुठला अंक ते सांगितलं नव्हतं." आणि थोड्या वेळानं, "चाचा, त्या वहीचे फोटो काढून पाठवा मला. सगळ्या पानांचे."

पाठवले. त्र्याहत्तर पानं आहेत. ज्याचे दोन महिने बुडाले तो मित्र आता आटगावला असतो, त्याच्याकडे येत्या रविवारी जाणार आहे. अंक मी त्या कोऱ्या पानावर ठेवलाय. शिवलेला नाही, चिकटवलेला तर नाहीच. नुसता ठेवलाय.