सह्याद्रीबाहेरचा कातळ

महाराष्ट्रात प्रस्तरारोहण म्हटले की नजर पश्चिमेकडे वळते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, जीवधनजवळचा वानरलिंगी, लिंगाणा, तैलबैलाच्या दोन भिंती, लोणावळ्याची नागफणी ही नावे ज्याला पाठ आहेत, त्याला वर्धा जिल्ह्यातही चढण्याजोगा दगड असू शकेल असे म्हटले तर ते पटणार नाही. जुन्या नोंदींत या जिल्ह्याच्या तीन ठळक टेकड्यांची उंची दिली आहे. मालेगाव १७२६ फूट, नांदगाव १८७४ फूट आणि जैतगड २०८६ फूट. वर्धा शहरच समुद्रसपाटीपासून पावणेआठशे फुटांच्या आसपास आहे, म्हणजे त्यातली सर्वांत उंच टेकडीही शहरापेक्षा जेमतेम तेराशे फुटांनी वर. पाच हजार चारशे फुटांच्या कळसूबाईपुढे हे काहीच नाही. तरीही उंचीच्या मापाने या खेळाचा हिशेब मांडणे मुळातच चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. चढाईची परंपरा उंचीमुळे रुजत नाही. वस्तीजवळ दगड असावा लागतो आणि त्या दगडापर्यंत जायला सामान्य माणसाला मोकळीक असावी लागते. या दोन गोष्टी जिथे जुळल्या, तिथे बुटक्या कड्यांनीही जगाला चढाई शिकवली आहे.

याचा सर्वांत भक्कम पुरावा इंग्लंडमध्ये आहे. शेफील्ड आणि मँचेस्टर या दोन कारखानदार शहरांच्या मधोमध ग्रिटस्टोनचे कडे आहेत. सुमारे बत्तीस कोटी वर्षांपूर्वी नदीमुखाशी साचलेल्या भरड वाळूचा हा दगड. त्यातला सर्वांत नामांकित कडा स्टॅनेज. तो पाच-सहा किलोमीटर लांब पसरलेला आहे, पण उंची बहुतेक ठिकाणी दहा ते वीस मीटर, फार तर पंचवीस. एवढ्याशा कड्यावर आज हजाराहून अधिक चढाईमार्ग नोंदलेले आहेत. जो ब्राउन हा मँचेस्टरचा प्लंबर तिथेच घडला. सुट्टीच्या दिवशी शहरातून निघावे, कड्यावर चढावे आणि कामाच्या वेळेला परत यावे, हा त्याच्या पिढीतल्या कामगार पोरांचा शिरस्ता होता. ग्रिटस्टोनला धरायला ठळक खोबणी कमी. म्हणून उभ्या भेगेत पंजा किंवा मूठ घालून ती आत घट्ट अडकवायची आणि त्या आधारावर अंग वर उचलायचे, हे तंत्र ब्राउनने कमालीचे कसदार केले. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँडसह तो कांचनजंगाच्या माथ्याशी पोचला तेव्हा शेवटचा अडसर होता कातळातली एक भेग. साडेआठ हजार मीटरवरची ती भेग ब्राउन पुढे होऊन चढला, आणि ते कसब पंधरा-वीस मीटरच्या कड्यांवर कमावलेले होते. पॅरिसजवळच्या फॉन्तेनब्लोच्या रानातले वालुकाश्माचे धोंडे तर याहूनही ठेंगणे. दोर न लावता बुटक्या दगडावर चढण्याचा जो प्रकार आज बोल्डरिंग म्हणून ओळखला जातो, तो तिथे मोठा झाला आणि टोकियोपासून ऑलिंपिकमध्येही आला.

हाच धडा वर्ध्याला लावण्यावर पहिला आक्षेप भूशास्त्राचा आहे आणि तो टाळण्यासारखा नाही. वर्ध्याचा दगड ग्रिटस्टोन नाही. तो दख्खनचा बेसाल्ट आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा थर. शिवाय तो या थरांच्या पूर्वेकडच्या, पातळ होत गेलेल्या भागातला. दोन्ही दगडांतला फरक जात्यावरून नीट कळतो. आपले काळ्या दगडाचे जाते दळून दळून गुळगुळीत झाले की पाथरवटाकडून टाकी लावून घ्यावी लागते. इंग्रजांच्या ग्रिटस्टोनचे दाणे मुळातच भरड असल्यामुळे चक्कीचे दगड त्याचेच बनत, आणि अर्धवट घडवून टाकून दिलेली तसली चाके स्टॅनेजच्या पायथ्याशी आजही पडून आहेत. तो खरखरीतपणा बुटाच्या तळव्याला जी पकड देतो ती घट्ट, बारीक पोताचा बेसाल्ट देत नाही. पण बेसाल्ट सगळीकडे सारखा नसतो. लाव्हा थंड होताना त्यातला वायू वर सरकतो, म्हणून थराचा माथा बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरतो आणि पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट साचतात. थराचा गाभा मात्र घट्ट आणि भेगाळ राहतो. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर झिओलाइट उघड्यावर पाहायला मिळते. तिथल्या गोटीसारख्या दगडांना जुन्या गॅझेटियरने झिओलाइटी म्हटले आहे. लोककथा सांगते की या टेकडीवर दर्गा असलेल्या फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचे नारळ आणि इतर माल बाबांनी दगड करून टाकला. चढणाऱ्याच्या दृष्टीने थराचा असा माथा भुसभुशीत आणि अविश्वासू, हात घालताच निखळणारा. गाभा मात्र चढण्याजोगा, कारण भेगांत बोटे बसतात. सह्याद्रीत गवताळ पायऱ्या आणि ठिसूळ पट्टे ओलांडायला मेखा आणि बोल्ट लागतात, ते याच थररचनेमुळे. पण बोल्डरिंगला अख्खा कडा लागतच नाही. गाभ्यातून सुटलेला एक धड धोंडा पुरतो. म्हणून थरांचा डोंगर ज्याला त्रास देतो, त्याला थरांतला एकटा दगड देत नाही. नवी मुंबईत बेलापूरचे दगड बेसाल्टचेच. १९५४ साली स्थापन झालेल्या ‘गिरिविहार’ या संस्थेने तिथे चढाईच्या स्पर्धा भरवल्या, आणि २०१६ मध्ये बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा नवी मुंबईत आणली. दगडाची जात आडवी येत असती तर हे घडलेच नसते.

उन्हाचा आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर सोपे आहे. वर्ध्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि त्या दिवसांत काळ्या दगडाला हातही लावू नये. पण ग्रिटस्टोनवर कठीण चढाया करणारे लोकही थंड, कोरड्या दिवसांचीच वाट पाहतात, कारण घामेजलेल्या बोटांची पकड सुटते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा विदर्भाचा हंगाम त्याला साजेसा आहे.

खरी अडचण जमिनीची आहे. इंग्लंडमध्येही तीच होती. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउट या माळावर शेकडो कामगार बंदी मोडून चढले आणि त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. त्या असंतोषाला पुढे फळ आले. १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान बनले. पण तिथे जमीनदारांनी शिकारीसाठी अडवलेला माळ होता. वर्ध्याची गोष्ट वेगळी आहे. आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू या डोंगराळ तालुक्यांतला पुष्कळसा खडकाळ भाग वनखात्याकडे आहे, आणि पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांची खास डोकेदुखी असलेले ‘झुडपी जंगल’, म्हणजे खुरट्या झुडपांचे माळरान, हेही वनजमीनच आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये दिला. याच जिल्ह्यातले बोर अभयारण्य २०१४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे. वाघाच्या रानात दगड चढायला जाण्याचा हक्क मी मागणार नाही आणि कोणी मागू नये. आग्या मोहोळ लटकलेले कडे, गिधाडांनी घरटी केलेल्या कपारीही सोडून द्याव्यात. पीक डिस्ट्रिक्टमध्ये बहिरी ससाण्याच्या विणीच्या काळात कड्यांचे काही भाग बंद ठेवतात आणि चढणारे ते पाळतात. गिरडच्या टेकडीवर किंवा पवनारला धाम नदीच्या पात्रातल्या कातळावर लोकांची श्रद्धा आणि आठवण आहे, म्हणून तिथे चढाई नको. श्रद्धेचा असाच मान राखून ब्राउन आणि बँडही कांचनजंगाच्या माथ्यापासून काही फुटांवर थांबले, कारण शिखरावर पाऊल ठेवणार नाही असा शब्द सिक्कीमच्या राजाला दिलेला होता. एवढे वगळल्यावर काय उरते? गावालगतच्या बरडीवरचे, ई-क्लास म्हणजे सरकारी गायरान जमिनीतले, शिक्षणसंस्थांच्या आवारातले सुटे दगड. महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयाचा पत्ताच ‘गांधी हिल्स’ आहे. वस्तीजवळच्या दगडाची जी अट मी मांडली, ती इथे पुरी होऊ शकते. विद्यार्थी आहेत, टेकड्या आहेत, आणि सेवाग्राम व सावंगीची मोठी रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत.

हे चोचले कोणासाठी, असाही प्रश्न विचारला जाईल. कापूस-सोयाबीनचा भाव पडलेल्या जिल्ह्यात तो रास्तही आहे. पण बोल्डरिंगइतका स्वस्त चढाईचा प्रकार दुसरा नाही. बूट, थोडी चॉक पावडर, खाली अंथरायला जाड गादी आणि पडणाऱ्याला नीट सावरून गादीवर उतरवणारे दोन साथीदार, बस्स. घोटा मुरगळणे ही नेहमीची इजा आहे, म्हणून पडायला शिकणे हाच पहिला धडा. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’ मोहिमेतून एव्हरेस्टवर पोचले. अंगात ताकद आणि मनात हिंमत असलेली मुले या भागात आहेत हे त्यांनी सिद्ध केले. पण प्रशिक्षणासाठी त्यांना राज्याबाहेर जावे लागले. एका मोहिमेपुरती निवड आणि दर आठवड्याला गावाजवळ करता येणारा सराव यांत फार अंतर आहे. पहिल्यातून पाच नावे मिळतात, दुसऱ्यातून पिढी उभी राहते.

विदर्भात मात्र दगडाला आज एकच भाव आहे, गिट्टीचा. रस्ते हवेत, समृद्धी महामार्गही याच जिल्ह्यातून गेला, आणि त्यासाठी दगड फुटणार हे मान्य. शेफील्डच्या परिसरातली मिलस्टोन एज ही जुनी दगडखाण आज चढाईची नावाजलेली जागा आहे, पण सुरुंगाने खिळखिळ्या झालेल्या आपल्या खदाणींच्या भिंतींवर तो दाखला लावणे जिवाशी खेळणे ठरेल. म्हणून निवड खदाण सुरू होण्याआधी व्हायला हवी. खाणपट्टा देताना गावालगतचे धड, मोठे दगड कोणते, हे ग्रामपंचायतीने नकाशावर दाखवावे, नागपूर-वर्ध्यातल्या गिर्यारोहकांनी हातोडीने ठोकून त्यांची मजबुती तपासावी आणि पाच-सहा जागा खाणीतून वगळाव्यात. राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलेलेच आहे. या कामाची सुरुवात एका हिवाळ्यात, एका तालुक्यापासून करता येईल.