गुन्हा आधी आला की भाडेकरू?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मेम्फिस नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठात रिचर्ड जानिकोव्स्की गुन्हेशास्त्राचे अभ्यासक होते, तर त्यांच्या पत्नी फिलिस बेट्स गृहनिर्माणाच्या. शहरात गुन्हे कुठे घडतात याचा नकाशा पतीकडे होता. सरकारी मदतीवर भाड्याने राहणारी कुटुंबे कुठे आहेत याचा नकाशा पत्नीकडे. हे दोन नकाशे एकावर एक ठेवले तेव्हा ते थक्क करणाऱ्या नेमकेपणाने जुळले. शहराच्या मध्यभागातले जुने सरकारी गृहप्रकल्प पाडले गेले होते आणि तिथले रहिवासी आजवर शांत समजल्या जाणाऱ्या भागांत पांगले होते. गुन्हेही त्याच भागांत वाढलेले दिसत होते. 2008 साली पत्रकार हॅना रोझिन यांनी ‘द अटलांटिक’ मासिकात ही हकीकत लिहिली आणि मोठा वाद पेटला. गरिबांना घरासाठी हात दिला की त्यांच्यामागून गुन्हा चालत येतो, असा अर्थ अनेकांनी त्यातून काढला.

ज्या योजनेवर हा ठपका आला ती ‘सेक्शन 8’ या नावाने ओळखली जाते. 1974 च्या कायद्याने ती सुरू झाली. सरकार घर बांधून देत नाही, कुटुंबाला व्हाउचर देते. कुटुंबाने खासगी घरमालक शोधायचा, आपल्या उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भाडे स्वतः भरायचे आणि ठरलेल्या मर्यादेपर्यंत उरलेले सरकारने द्यायचे. आज वीस लाखांहून अधिक कुटुंबे या व्हाउचरवर राहतात. त्यांत वृद्ध आणि अपंग पुष्कळ आहेत, लहान मुले सांभाळणाऱ्या एकट्या आयाही पुष्कळ आहेत. ‘सेक्शन 8 वाले’ हे तिथे शिवीसारखे उच्चारले जाते तेव्हा ही माणसे कोणाच्या डोळ्यांसमोर नसतात.

नकाशे खोटे नव्हते. मात्र आधी काय झाले आणि नंतर काय, हे एका क्षणाच्या नकाशावरून कळत नाही. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या इंग्रिड गूल्ड एलन आणि कॅथरीन ओरेगन यांनी मायकल लेन्स यांच्यासोबत दहा मोठ्या शहरांची अनेक वर्षांची आकडेवारी वस्तीवार तपासली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत विलक्षण वाटतो. व्हाउचरधारक आल्यामुळे गुन्हे वाढल्याचा भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. उलट दिशेचा पुरावा मात्र सापडला: ज्या वस्त्यांत गुन्हे आधीच वाढू लागले होते, तिथेच व्हाउचरधारक जाऊन पोहोचत होते.

असे का व्हावे? कारण त्यांना घर तिथेच मिळते. वस्ती बिघडू लागली की ऐपतदार भाडेकरू निघून जातात, भाडी उतरतात आणि सरकारकडून खात्रीने येणारा पैसा घरमालकाला हवासा वाटू लागतो. चांगल्या वस्तीतला मालक व्हाउचरचे नाव काढताच फोन ठेवतो. 2018 च्या एका मोठ्या पाहणीत टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात 78 टक्के आणि लॉस एंजेलिसमध्ये 76 टक्के घरमालकांनी व्हाउचर नाकारले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये असा नकार देणे बेकायदा आहे. तिथे हे प्रमाण 15 टक्के होते.

गुन्ह्याचे मूळ गरिबीत नसून इमारतींच्या रचनेत असेल का, हा प्रश्न त्याही आधी सेंट लुईस शहरात उभा राहिला होता. तिथला प्रुइट-आयगो हा 33 अकरामजली इमारतींचा सरकारी प्रकल्प 1950 च्या दशकात मोठ्या आशेने उभारला गेला. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसत. लांबलचक सामायिक सज्जे आणि जिने कोणाच्याच मालकीचे वाटत नसत. देखभालीला पैसा नव्हता. लुटालूट आणि नासधूस इतकी वाढली की 1972 पासून इमारती सुरुंग लावून पाडाव्या लागल्या. रस्त्याच्या पलीकडेच कार स्क्वेअर नावाची कमी उंचीच्या घरांची वस्ती होती. तिथेही गरीबच राहत, तरी ती भरलेली आणि बरीचशी निर्धास्त राहिली. वास्तुविशारद ऑस्कर न्यूमन यांनी याच विरोधाभासावर, गुन्हा इमारतींच्या रचनेतून वाढतो, हा आपला प्रसिद्ध सिद्धान्त उभारला. माझ्या मते त्यांनी रचनेला जरा अधिकच महत्त्व दिले, कारण देखभालीचा आटलेला पैसा आणि रिकामे होत चाललेले शहर ही कारणे तितकीच जड होती. तरीही एवढे उघड आहे की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गरिबी तीच होती.

वस्ती बदलल्याने काय होते, याची खरी कसोटी 1994 ते 1998 या काळात लागली. ‘मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी’ या सरकारी प्रयोगात बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क इथली सुमारे 4,600 कुटुंबे सामील झाली. म्हाडाच्या घरांसारखी सोडत काढून त्यांचे तीन गट पाडले गेले. एका गटाला फक्त कमी गरिबीच्या वस्तीतच वापरता येईल असे व्हाउचर मिळाले, दुसऱ्याला नेहमीचे, तिसऱ्याला कोणतेही नाही. नाव टाकणाऱ्या बहुतेक आयांनी कारण एकच सांगितले होते: टोळ्या आणि अमली पदार्थांपासून मुलांना दूर न्यायचे आहे. ज्यांच्यावर गुन्हा सोबत आणल्याचा आळ येतो, ती कुटुंबे गुन्ह्यापासून पळत होती.

चिठ्ठीने गट ठरले असल्याने पुढे जे वेगळे घडले ते स्थलांतराचेच फळ होते, असे म्हणता आले. मुलींच्या अटका कमी झाल्या, हिंसक गुन्ह्यांसाठीही आणि मालमत्तेच्या गुन्ह्यांसाठीही. मुलग्यांच्या हिंसक गुन्ह्यांच्या अटका सुरुवातीला घटल्या, पण काही वर्षांनी चोरीसारख्या गुन्ह्यांच्या वाढल्या. एकाच घरातल्या बहीणभावांना नवी वस्ती इतकी वेगळी का मानवली, याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. पुढे अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी त्याच मुलांची मोठेपणची कमाई तपासली. तेरा वर्षांच्या आत ज्यांनी जुनी वस्ती सोडली होती, त्यांची विशी-पंचविशीतली कमाई सुमारे 31 टक्के अधिक निघाली. त्याहून मोठ्या वयात हललेल्यांना हा लाभ झाला नाही.

शिकागोत पाडलेल्या सरकारी गृहप्रकल्पांच्या टॉवरमधल्या मुलांचा माग अर्थशास्त्रज्ञ एरिक चिन यांनी काढला. त्याच प्रकल्पातल्या, पण न पाडलेल्या इमारतींत राहिलेल्या मुलांशी तुलना करता पांगलेली मुले मोठेपणी अधिक कमावत होती आणि हिंसक गुन्ह्यांत कमी सापडत होती.

एक गोष्ट मात्र नाकारता येणार नाही. शिकागो आणि अटलांटात पाडलेल्या प्रकल्पांतून उठवलेली कुटुंबे ज्या मोजक्या वस्त्यांत दाटीने वसली, तिथे गुन्हे अपेक्षेइतके घटले नाहीत. जिथे ती विरळ पसरली तिथे असा परिणाम दिसला नाही आणि शहरभराचे गुन्हे तर कमीच झाले. म्हणजे दोष निघतो तो दाटीचा, आणि ती दाटी नकार देणारे घरमालक घडवतात.

न्यू जर्सीतल्या माउंट लॉरेल गावाची गोष्ट प्रत्येक नगररचनाकाराने वाचावी अशी आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या एथेल लॉरेन्स या कृष्णवर्णीय बाईंनी गरिबांना परवडणाऱ्या घरांसाठी गावाविरुद्ध न्यायालयीन लढा दिला. 1975 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या विरोधात निकाल दिला, तरी गुन्हे वाढतील आणि घरांच्या किमती कोसळतील, या भीतीपोटी विरोध चालूच राहिला. त्या 1994 मध्ये वारल्या. त्यांच्या नावाची 140 घरांची वसाहत 2000 साली उघडली. समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी यांनी पुढे मोजून पाहिले: गुन्हे वाढले नाहीत, किमती पडल्या नाहीत, कर वाढले नाहीत. शेजारच्या सुमारे एक तृतीयांश रहिवाशांना तर अशी वसाहत जवळ आहे हेच ठाऊक नव्हते.

अर्थशास्त्रज्ञ रिबेका डायमंड आणि टिम मॅक्वेड यांना 2019 मध्ये, करसवलत देऊन गरिबांसाठी उभारल्या जाणाऱ्या देशातल्या गृहप्रकल्पांविषयी आणखी पुढचे दिसले. गरीब वस्तीत अशी इमारत उभी राहिली की लगतच्या घरांच्या किमती 6.5 टक्क्यांनी चढल्या आणि गुन्हे उतरले. श्रीमंत वस्तीत किमती थोड्या उतरल्या, पण गुन्हे वाढले नाहीत.

एवढे पुरावे हाती असूनही अमेरिकेत घराच्या मदतीला पात्र असलेल्या साधारण चार कुटुंबांपैकी एकालाच ती मिळते. बाकीची वाट पाहत राहतात, आणि कित्येक शहरांत प्रतीक्षायादीत नाव घालणेही वर्षानुवर्षे बंद असते.